गळायचं नाव नको!

डुकराच्या मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक सुरीने मोकळं झालं, की त्यावर लगेच एक प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि तिचं तोंड आवळून टाकायचं. बस्स, एवढंच! नॉर्वेतल्या पशुवैद्यांनी हे करून पाहिलं आणि १९९४ साली निष्कर्ष छापले. पिशवी नसताना सुमारे १० टक्के धडांवर यर्सिनिया नावाचा जिवाणू सापडत होता. पिशवी बांधल्यावर हे प्रमाण ०.८ टक्क्यांवर आलं. पुढच्या काही वर्षांत तिथल्या बहुतेक कत्तलखान्यांनी ही पद्धत उचलली आणि देशात नोंदल्या जाणाऱ्या यर्सिनियाच्या आजारांत साधारण चौथ्या हिश्श्याने घट झाली. औषध नाही, लस नाही, मोठं यंत्र नाही. एक पिशवी आणि ती वेळेवर बांधणारा हात!

यर्सिनिया मोठा चिवट. फ्रिजमधल्या चार अंशांतही तो वाढत राहतो. मुलांना त्याची बाधा झाली की पोटाच्या उजव्या बाजूला खाली अशी कळ येते, की डॉक्टरांना अपेंडिक्सचीच शंका यावी. १९७६ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात शाळेच्या चॉकलेट दुधातून हा जिवाणू पसरला, तेव्हा कित्येक मुलांची धडधाकट अपेंडिक्स ऑपरेशन करून काढली गेली.

म्हणूनच मांसाच्या कारखान्यातला रस, रक्त, पाणी आणि घाण पोटात धरून ठेवणारी पिशवी मला फार मोलाची वाटते. ती मजबूत हवी म्हटलं की आपण लगेच जाडी विचारतो, ‘किती मायक्रॉन?’ खरं तर हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी पिशवीचा घेर बघायचा, मग बूड, मग प्लॅस्टिकचा दाणा, मग सील. जाडीचा नंबर त्यानंतर.

ते लाल पाणी रक्त नव्हेच!

रविवारी मटणाच्या दुकानातून काळी पिशवी घरी आली की तिच्या तळाशी लालसर पाणी साचलेलं असतं. त्याला सगळे रक्त म्हणतात, पण मांसातलं रक्त तर बहुतेक सगळं कत्तलीच्या वेळीच निथळून गेलेलं असतं. हे आहे स्नायूंमधलं पाणी आणि त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत प्राणवायू साठवणारं लाल प्रथिन. ताज्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं.

या मायोग्लोबिनचा मान मोठा आहे. ज्याची त्रिमितीय रचना माणसाला सर्वांत आधी दिसली, ते हेच प्रथिन. केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली ती उलगडली आणि १९६२ साली मॅक्स पेरुत्झ यांच्यासोबत नोबेल मिळवलं. केंड्र्यूंनी मायोग्लोबिन घेतलं ते स्पर्म व्हेलच्या मांसातून. श्वास रोखून खोल बुडी मारणारा प्राणी तो, त्याच्या स्नायूंत या प्रथिनाचा साठा भरपूर असतो.

मग हे पाणी बाहेर का येतं? जनावर जिवंत असताना स्नायूचा पीएच सातच्या आसपास असतो. कत्तलीनंतर स्नायूत आम्ल साठत जातं आणि तो उतरत साडेपाचाच्या आसपास येतो. नेमक्या याच टप्प्यावर प्रथिनांची पाण्यावरची पकड ढिली पडते. डुक्कर कत्तलीआधी घाबरलेलं, दमलेलं असेल तर हा उतार फार भरभर होतो. मांस अजून गरम असतानाच आम्लता वाढते आणि ते फिकट, मऊ, पाणचट निघतं. म्हणजे जनावराला शेवटच्या तासांत शांत ठेवलं की पिशवीत रस कमी गळतो. पिशवीचं डिझाइन खरं तर गोठ्यापासूनच सुरू होतं!

आणि हो, हवा काढून बंद केलेल्या पिशवीतलं मांस जांभळट दिसतं. पुष्कळ जण ते खराब समजून परत करतात. पिशवी फोडून अर्धा तास उघडं ठेवा, मायोग्लोबिनला प्राणवायू मिळतो आणि रंग पुन्हा लाल होतो.

सुपरमार्केटच्या ट्रेमध्ये मांसाखाली जी पांढरी गादी असते, तिच्यात पुष्कळदा बाळाच्या डायपरमध्ये असते त्याच जातीची पावडर असते. शुद्ध पाणी ती आपल्या वजनाच्या शेकडो पट पिते. मांसाच्या रसात मात्र क्षार असतात आणि क्षार आले की तिची तहान एकदम घटते. म्हणून गादी किती मोठी हवी, हे नळाच्या पाण्यावर ठरवून चालत नाही. प्रयोग रसावरच करावा लागतो.

रक्त नाल्यात सोडलं तर

शिकागो नदीच्या दक्षिण फाट्याला ‘बबली क्रीक’ म्हणतात, बुडबुड्यांचा ओढा. १८६५ साली सुरू झालेल्या युनियन स्टॉक यार्ड या जनावरांच्या बाजाराच्या भोवतीचे मांसाचे कारखाने वर्षानुवर्षं रक्त आणि आतडी या पाण्यात सोडत होते. तळाशी सगळं कुजत राहिलं आणि वायूचे बुडबुडे वर येऊ लागले. यार्ड १९७१ साली बंद झालं. बुडबुडे त्यानंतरही अनेक दशकं येतच राहिले. (ज्या वर्षी शिकागोचं यार्ड बंद झालं, त्याच वर्षी मुंबईचा देवनारचा कत्तलखाना सुरू झाला.)

रक्त पाण्याला इतकं घातक का? सांडपाण्याची घाण मोजताना ती कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो ते बघतात. घरगुती सांडपाण्याला लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम लागतो. कच्च्या रक्ताला दीड लाख मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त! म्हणजे बादलीभर रक्त नाल्यात गेलं तर शेकडो बादल्या सांडपाण्याएवढा बोजा पडतो. नदीतल्या माशांचा श्वास या आकड्यावर अवलंबून असतो.

शिवाय रक्त कामाची वस्तू आहे. त्यातलं प्लाझ्मा वेगळं करून, वाळवून सॉसेजमध्ये आणि पशुखाद्यात वापरतात. खाण्यासाठी रक्त घ्यायचं तर ते जमिनीवर पडूच द्यायचं नाही. पोकळ पात्याची सुरी, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला बंद पिशवी किंवा टाकी. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. इथे एक नियम फार शहाणपणाचा आहे. काही जनावरांचं रक्त एका भांड्यात घेतात, त्यावर खूण करतात आणि त्या सगळ्या जनावरांची धडं पशुवैद्याने पास करेपर्यंत बाजूला ठेवतात. एक जरी धड नापास झालं तरी ते संपूर्ण भांडं जातं. त्यामुळे पिशवी जितकी लहान, तितकं नुकसान कमी. मोठ्या पिशवीत हाताळणी स्वस्त, लहान पिशवीत जोखीम स्वस्त. कारखान्याला दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

काच आणि प्लॅस्टिकचा एक फरक इथे फार गमतीचा आहे. काचेचा स्पर्श झाला की रक्त लवकर गोठतं, कारण काचेचा पृष्ठभाग गोठण्याची साखळी चालू करतो. प्लॅस्टिक त्या मानाने रक्ताला कमी डिवचतं. म्हणूनच रक्त गोठवून तपासायचं असतं तेव्हा प्लॅस्टिकच्या परीक्षानळीत मुद्दाम सिलिका घालावी लागते. माणसांच्या रक्तपेढ्यांतही आधी काचेच्या बाटल्याच होत्या. बॉस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर यांनी १९५० च्या सुमारास प्लॅस्टिकची रक्तपिशवी पुढे आणली आणि ती फुटणारी, जड बाटली हळूहळू मागे पडली.

आपल्याकडे रक्त वाया न घालवण्याची रीत जुनीच आहे. गोठलेलं रक्त तेल, कांदा, मिरचीत परतून केलेली रक्ती महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत खाल्ली जाते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांची ही दुनिया सन्मानाने नोंदवून ठेवली आहे. गोव्यातल्या पारंपरिक सोरपोतेलमध्येही डुकराचं रक्त पडतं.

घेर वाढला की जीव घाबरतो

आता थोडं गणित. साठेक लिटर रस मावेल अशी एक गोल पिशवी घेऊ. त्रिज्या २० सेंटिमीटर, रसाची उंची ५० सेंटिमीटर आणि फिल्म १०० मायक्रॉन, म्हणजे बाजारच्या भाषेत सुमारे ४०० गेज. चांगली जाडजूड! तळाजवळ द्रवाचा दाब फार नाही, चौरस सेंटिमीटरला जेमतेम ५० ग्रॅम. पण पिशवीच्या भिंतीवर येणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. हिशेब मांडला की उत्तर येतं चौरस सेंटिमीटरला १०० किलो! साधी पॉलिथिन फिल्म याच ताणाच्या आसपास कायमची ताणली जायला लागते. म्हणजे १०० मायक्रॉनची पिशवी काही न करता, नुसती भरून उभी केली तरी हद्दीवर आहे.

आता दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी घ्या. तिची फिल्म पन्नास-साठ मायक्रॉनचीच. तरी ती क्रेटमध्ये आदळते, टेम्पोत हादरते, दारात फेकली जाते आणि बहुतेक वेळा शाबूत राहते. कारण तिचा घेर लहान, आत दूध थोडं आणि वरचा दाबही कमी. त्रिज्या निम्मी केली की ताण निम्मा होतो, जाडी दुप्पट केल्याचं फळ फुकटात मिळतं. मला हे सूत्र भारी आवडतं, कारण प्लॅस्टिकचा एकही जादा दाणा न वापरता ते पिशवी बळकट करतं.

मोठीच पिशवी हवी असेल तर दुसरा मार्ग आहे. तिला ड्रममध्ये बसवा. भार ड्रमने उचलायचा, पिशवीने फक्त गळती अडवायची. त्यासाठी पिशवी ड्रमपेक्षा थोडी सैल, थोडी मोठी लागते. नेमक्या मापाची किंवा लहान घेतली तर ती ड्रमच्या भिंतीला टेकण्याआधीच ताणली जाते आणि सगळा भार तिच्यावर येतो. पिशवी आणि ड्रमच्या मध्ये हवा कोंडली तरी हेच होतं. भरलेली पिशवी वर ओढताना तर खाली पोकळी तयार होते आणि ड्रम तिला सोडायलाच तयार नसतो. ड्रमच्या भिंतीला हवेसाठी वाट ठेवली की दोन्ही कटकटी मिटतात. पिशवी फाटली म्हणून जाडी वाढवणाऱ्यांनी आधी ड्रमकडे बघावं!

ड्रमसारखंच काम पुठ्ठ्याचं खोकंही करतं. अमेरिकेत विल्यम शोल यांनी १९५५ साली खोक्यातली पिशवी आणली ती कशासाठी? बॅटरीचं आम्ल सुरक्षित नेण्यासाठी! दहा वर्षांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात थॉमस अँगोव्ह यांनी तीच कल्पना वाइनसाठी वापरली.

बुडाला चांदणी

द्रव गळतो तो बहुधा बुडातून. पिशवीचं बूड तीन तऱ्हांनी बंद करतात. सपाट सील म्हणजे नळीचं तोंड सरळ रेषेत चिकटवलं. सील पक्कं, पण दोन कोपरे शिंगांसारखे बाहेर येतात आणि गोल ड्रममध्ये पिशवी नीट बसत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे दोन्ही बाजू आत दुमडून मग सील करायचं. पिशवी पेटीत छान बसते, पण मधोमध दोन थर आणि कडांना चार थर एकाच वेळी चिकटवावे लागतात. चार थर जिथे संपून दोन थर सुरू होतात, तिथे सुईच्या टोकाएवढी फट राहू शकते. कोरडा माल असेल तर कुणाला कळतही नाही. मांसाचा रस मात्र ती फट बरोबर शोधून काढतो.

तिसरी तऱ्हा चांदणीची. बाजू आत दुमडायच्या, मग सगळी पिशवी पुन्हा उभी अर्ध्यात दुमडायची आणि सगळे थर एकाच अरुंद जागी एकदम सील करायचे. उघडली की बुडाला चांदणीसारखी नक्षी दिसते, बूड गोल होतं, भार सगळीकडे सारखा वाटला जातो आणि ती कुप्रसिद्ध फट राहतच नाही. ओला कचरा, बर्फ, रस यांच्या पिशव्यांना चांदणी का हवी, ते यावरून समजेल. दुकानात पिशव्यांचा रोल उलगडताना बूड जरूर बघा.

गळतीतून जन्मलेलं प्लॅस्टिक

इंग्लंडमध्ये चेशर परगण्यात विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा होती. २७ मार्च १९३३ रोजी रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना उच्च दाबाच्या पात्रात मेणासारखा पांढरट पदार्थ सापडला. करायला गेले होते भलतंच, इथिलीन आणि बेंझाल्डिहाइडची अभिक्रिया. हाती आलं पॉलिथिन! पण प्रयोग पुन्हा करायला गेले तर कधी काहीच मिळेना, तर कधी स्फोट होई. काम थांबवावं लागलं.

डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा धाडस केलं. या वेळी यंत्राचा एक सांधा गळत होता. दाब उतरला म्हणून त्यांनी आणखी इथिलीन सोडलं आणि त्या ताज्या वायूत योगायोगाने हवा तेवढा प्राणवायू होता. त्यानेच अभिक्रिया पेटवली. जगभर गळती अडवणारं हे प्लॅस्टिक पुन्हा हाती आलं ते एका गळक्या सांध्यामुळे. मला या विषयातली ही सर्वांत लाडकी गोष्ट वाटते! पुढे महायुद्धात या पॉलिथिनने रडारच्या केबलींना आवरण पुरवलं. पिशव्या आल्या त्या नंतर.

१९३३ हे साल भलतंच फळलं. त्याच वर्षी अमेरिकेत डाऊ कंपनीत रॅल्फ वायली नावाचा विद्यार्थी प्रयोगशाळेतली भांडी घासत असताना एका बाटलीतला थर काही केल्या निघेना. तो होता सरान या प्लॅस्टिकचा पूर्वज. पाणी अडवतो, हवाही अडवतो. चाळीसच्या दशकात अमेरिकेत सरानच्या पिशव्यांत टर्की भरून, हवा काढून, पिशवी गरम पाण्यात बुडवून आक्रसवू लागले. क्रायोव्हॅक म्हणतात ती हीच पद्धत. मग १९६७ साली नेब्रास्कातल्या डकोटा सिटीत आयबीपी कंपनीने अख्खी धडं पाठवण्याऐवजी तुकडे पिशवीबंद करून खोक्यांतून पाठवायला सुरुवात केली. हाडं आणि चरबीचा प्रवासखर्च वाचला, वाटेत सुकून जाणारं वजन वाचलं आणि अमेरिकेतल्या गल्लोगल्लीच्या खाटकांचं कामच बदलून गेलं.

पॉलिथिनच्या दाण्याच्या बाजारात आज एलडी, एलएलडी आणि एचएम ही नावं चालतात. एलडीच्या साखळ्यांना लांबच लांब फाटे असतात. ते मऊ, पारदर्शक आणि सहज सील होणारं. एचएमच्या साखळ्या जवळजवळ सरळ, म्हणून कडक. भाजीची ती कुरकुरणारी पातळ पिशवी एचएमची. एलएलडीला फाटे असतात, पण आखूड आणि भरपूर. टोचल्यावर ते लगेच फाटत नाही, ताणलं जातं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते स्वस्तात बनायला लागलं आणि पिशव्या पातळ होऊनही जास्त टिकू लागल्या. रस धरायचा असेल तर माझं मत सरळ आहे, एलएलडी भरपूर घ्या आणि सील सोपं व्हावं म्हणून जोडीला थोडं एलडी.

फुग्याचा स्वभाव पिशवीत उतरतो

फिल्म बनते फुग्यातून. वितळलेला दाणा गोल डायमधून बाहेर येतो, आत हवा फुंकतात आणि उभा फुगा मजले चढत जातो. वर पोचेपर्यंत तो थंड होतो, मग सपाट करून गुंडाळतात. फुगा वर ओढला जातो तशा साखळ्या उभ्या दिशेने रांगेत लागतात. आडवा फुगवला तर आडव्या दिशेनेही लागतात. ओढ जास्त आणि फुगवण कमी झाली, तर पिशवी उभी चिरत जाते. एचएमची पिशवी एकदा फाटली की वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत उघडते, त्याचं कारण हे. मशीनवरच्या कारागिराची नजर फुग्याच्या आकारावर असते, कारण पिशवीचं भवितव्य तिथेच ठरतं.

डार्ट पडला, पिशवी वाचली?

मजबुती मोजायची एक झकास परीक्षा आहे. ताणून बसवलेल्या फिल्मवर ६६ सेंटिमीटर उंचीवरून ३८ मिलिमीटर व्यासाच्या गोल डोक्याचा डार्ट सोडायचा. वजन वाढवत जायचं. ज्या वजनाला निम्मे तुकडे फाटतात, ते त्या फिल्मचं बळ. दुसरी परीक्षा एल्मेंडॉर्फची. फिल्मला आधी लहानशी चीर द्यायची आणि लंबकाने ती पुढे फाडायला किती जोर लागतो ते बघायचं. हे यंत्र मुळात कागदासाठी होतं.

दोन्ही परीक्षा हव्यातच. कारखान्यात पिशवीवर दोन वेगळे हल्ले होतात. वरून जड काहीतरी पडतं, हा पहिला. हाडाच्या टोकाने नखभर भोक पडतं आणि मग भाराखाली ते वाढत जातं, हा दुसरा. पहिला हल्ला पेलणारी फिल्म दुसऱ्यात हमखास टिकतेच असं नाही.

हाड, थंडी, चरबी

बरगडीचं कापलेलं टोक पिशवीचा खरा शत्रू. त्यावर जुना उपाय म्हणजे मेण पाजलेलं सुती कापड. हाडावर ते ठेवायचं आणि मग पिशवी चढवायची. काही पिशव्यांना हाड येईल तिथेच जाड प्लॅस्टिकचं ठिगळ लावलेलं असतं. सगळी पिशवी जाड करण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं! टोचणं सहन करायला नायलॉनचा थरही देतात. बाहेर नायलॉन, आत सील होणारं पॉलिथिन. थर दोन असले की आणखी एक फायदा होतो. एका थरातलं सूक्ष्म भोक दुसऱ्या थरातल्या भोकासमोर नेमकं येण्याची शक्यता फार कमी असते.

थंडीत पॉलिप्रॉपिलिन दगा देतं. शून्याच्या आसपास आलं की ते कडक होतं, फ्रीझरमध्ये आपटलं तर तडकतं. पॉलिथिन मात्र उणे सत्तरच्याही खाली लवचीक राहतं. म्हणून गोठवलेल्या मांसाच्या खोक्यात आत पॉलिथिनचं अस्तर असतं.

चरबी सील बिघडवते. पिशवीच्या तोंडाला तुपकट बोट लागलं की दोन थरांच्या मध्ये चरबी बसते आणि ते एकजीव होत नाहीत. यावर ड्यूपॉंटने साठच्या दशकात आयोनोमर जातीचं सर्लिन आणलं. त्याच्या साखळ्यांना धातूचे आयन बांधून ठेवतात. चरबीचा पातळ थर असला तरी ते सील होतं. आणि गंमत म्हणजे गोल्फच्या चेंडूचं चिवट साल याच पदार्थाचं करतात. काठीचे तडाखे खाणारं साल आणि सॉसेजच्या पाकिटाचं सील सख्खी भावंडं निघाली!

निळा रंग, मोहरीचा गुण

मांसाच्या कारखान्यात पिशव्या, हातमोजे, अस्तरं पुष्कळदा निळी असतात. निळं मांस नसतं, निळी चरबीही नसते. निळा कपटा मांसात पडला तर लगेच नजरेला येतो. आपली काळी पिशवी या परीक्षेत सपशेल नापास. आत काय गळलंय, तेही ती लपवते.

नव्या पिशवीची दोन पानं एकमेकांना चिकटून बसतात आणि ओल्या हातमोज्याने ती उघडेनात तर रांग खोळंबते. म्हणून दाण्यात एरुकामाइड घालतात. फिल्म तयार झाल्यावर ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पिशवी निसरडी होते. ते ज्या एरुसिक आम्लापासून बनतं, ते मोहरीच्या जातीतल्या बियांच्या तेलातून येतं. पण प्रमाण सांभाळावं लागतं. जास्त झालं तर तेच सीलच्या मध्ये येतं.

मायक्रॉनचा कायदा

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, तेव्हापासून मटणाच्या दुकानात स्टीलचा डबा घेऊन जाणारे पुन्हा दिसू लागले. डब्याला ना सील, ना फट. केंद्राच्या नियमांत हातपिशवीची किमान जाडी २०१६ साली ५० मायक्रॉन होती, सप्टेंबर २०२१ मध्ये ती ७५ झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. जाडी वाढवण्यामागचा हेतू पिशवी पुन्हा वापरली जावी, गोळा करता यावी हा आहे. ती गळू नये, याची हमी कायद्याची जाडी देत नाही. १२० मायक्रॉनची पिशवी बुडाच्या फटीतून खुशाल गळू शकते.

आता तोंड

उत्तम दाणा, चांदणीचं बूड, लहान घेर, सगळं जमलं आणि तोंड नुसती गाठ मारून बांधलं, तर पिशवी आडवी पडताच रस बाहेर. आधी पिशवी पाऊण भागच भरायची. वरचा पाव भाग बांधण्यासाठी हवाच. मग आतली हवा दाबून काढायची, कारण कोंडलेली हवा पिशवी आपटली की सीलवरच जोर करते. तोंड गोळा करून चांगलं पिळायचं, पिळलेला भाग मानेसारखा खाली वाकवायचा आणि दुहेरी झालेल्या त्या भागावर पट्टी आवळायची. रुग्णालयांच्या कचऱ्याच्या पिशव्या अशाच हंसमानेच्या पद्धतीने बांधतात. पीळ द्रवाची वाट बंद करतो, वाक ती पुन्हा बंद करतो आणि पट्टी दोघांना सुटू देत नाही. पिशवी उचलताना धरायची ती या मानेला. बुडाखाली हात घालायचा नाही, आत हाडाचं टोक असू शकतं.